माद्रीची पळवाट

मंत्र एकच, पण आले दोन देव. दुर्वासांनी दिलेला आवाहनाचा मंत्र कुंतीने माद्रीला एका वेळेपुरता दिला आणि माद्रीने नेमकं अश्विनीकुमारांना बोलावलं. नकुल-सहदेव झाले. पंडूने तिच्यासाठी पुन्हा शब्द टाकला, तेव्हा कुंतीने साफ नकार दिला: एकदा बोलावून दोन मुलगे घेतले, ही फसवणूक आहे. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळांत शब्दांची जादू बसवायला जे बसले, त्यांना हा संताप ओळखीचा वाटेल. असे खेळ सुरू होऊन पन्नास वर्षं उलटली. त्यांतला निम्मा नियमसंग्रह माद्रीसारख्या खेळाडूंना आवरण्यासाठी लिहिला गेला, असं माझं मत आहे.

सुरुवात 1974 ची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने जादूची कल्पना घेतली जॅक व्हान्सच्या 1950 च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून. मंत्र पाठ करायचा; म्हटला की डोक्यातून पुसला जातो. हिशोबाला हे फार सोयीचं, कारण मोजायचे ते फक्त मंत्र. आपल्याकडे विसरण्याची शिक्षा कर्णाला झाली, पण ती ऐन गरजेच्या वेळी. कथा म्हणून ती जबरदस्त आहे. नियम म्हणून मात्र टाकाऊ, कारण त्यात खेळाडूला ठरवण्यासारखं काहीच उरत नाही. त्याच कर्णाची इंद्राने दिलेली शक्ती बघा. एकदाच चालणार. ती अर्जुनासाठी राखायची की आज रात्री घटोत्कचावर खर्चायची? खेळ इथे आहे.

पण पाठ केलेल्या मंत्रांत शब्दांशी खेळणं नव्हतं. मंत्र आयते होते. अपवाद ‘विश’ या मंत्राचा. त्यात इच्छा स्वतःच्या शब्दांत सांगायची आणि खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने तिचा शब्दशः अर्थ लावायचा. परिणामी खेळाडू इच्छा सांगताना वकिलासारखे बोलू लागले.

खरी उडी 1987 मध्ये ‘आर्स मॅजिका’ने मारली. जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांनी मंत्रांच्या यादीआधी व्याकरण दिलं. पाच क्रिया: घडवणं, जाणणं, बदलणं, मोडणं, ताब्यात ठेवणं. दहा विषय: पाणी, अग्नी, माती, वनस्पती, प्राणी, शरीर, मन वगैरे. एक क्रिया, एक विषय, झाला मंत्र. म्हणजे पायाभूत जोड्या पन्नास. शब्द लॅटिन, कारण खेळ मध्ययुगीन युरोपातला.

किंमत त्यांनी कशी लावली, ते मला सगळ्यात आवडतं. 2004 च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र हळू म्हटला तर पाच गुण वजा, मनातल्या मनात म्हटला तर दहा वजा, मोठ्याने म्हटला तर एक जास्त. लपून जादू करायची तर ती दुबळी होणार. आयत्या वेळी जुळवलेल्या मंत्राचं बळ निम्मं, आणि थकायची तयारी नसेल तर पाचवा हिस्सा. माद्रीची वाटही त्यांनी बंद केली: एकाऐवजी गटावर मंत्र टाकला की तो दोन पायऱ्या अवघड होतो. नाव एक असो की दोन, मोजायची ती माणसं.

एक गोष्ट मात्र त्यांच्यापेक्षा आपल्या कथांत सरस आहे, ती म्हणजे तोड. 1819 च्या ‘नवनाथ भक्तिसारा’त, श्रावणात आमच्या भागात घरोघरी ज्याचं पारायण होतं त्यात, अस्त्राला अस्त्र भिडतं, आग आली की पाऊस, पर्वत आला की वज्र. सगळ्यांवर भारी शब्द सहसा नसतो. आणि एकदा सोडलेलं मागे घ्यायलाही वेगळी योग्यता लागते. अर्जुनाने ब्रह्मास्त्र परत घेतलं, अश्वत्थाम्याला ते जमलं नाही. धर्माबादच्या मिरची बाजारात लिलावाला उभा राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बोली तोंडातून गेली की गेली.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ठार मारणाऱ्या शब्दाला 2014 च्या आवृत्तीत वेगळीच वेसण घातली: समोरच्याची प्राणशक्ती शंभर गुण किंवा त्याहून कमी असेल तरच तो चालतो. सुटसुटीत नियम, पण मला तो रुक्ष वाटतो.

आम्ही इथे मराठीत असा खेळ जुळवायला बसलो तेव्हा पहिली अडचण क्रियापदांनीच आणली. ‘पेट’ आणि ‘पेटव’ यांना एकच किंमत कशी लावणार? पहिल्यात लाकूड स्वतःहून जळतं, दुसऱ्यात कोणीतरी पेटवणारा लागतो आणि त्याला अडवता येतं. म्हणून ‘पेट’ महाग ठेवला. दुसरा प्रश्न ‘नवनाथ भक्तिसारा’तल्या गोरक्षाने उभा केला. संजीवनी मंत्र घोकता घोकता तो पोरांसाठी चिखलाचा पुतळा करत होता. पुतळा जिवंत झाला, तोच गहिनीनाथ. मनात नसताना तोंडून गेलेला शब्द धरायचा का? आमच्या टेबलावर मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषांत अखंड बडबड चालते. सगळं धरलं तर चहा येईपर्यंत अर्धं राज्य जळालेलं असायचं. शेवटी ठरवलं, फासा हातात असताना बोललेलंच धरायचं. त्यावर लगेच विचारणा झाली: फासा टेबलावर ठेवून त्याला नुसतं बोट लावलं, तर तो हातात धरायचा का?