नकाशावरचा रंग आणि वस्तीचे आरोग्य



आरोग्याच्या पानावर या वेळी ताप, खोकला किंवा रक्तदाब हा विषय नाही. विषय आहे जमिनीचा. जमिनीचा आणि आजाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. पंचवटीतल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला हा संबंध रोज दिसतो. एकाच घरात दर पावसाळ्यात डेंग्यू येतो. एकाच गल्लीत वर्षाआड क्षयाचा नवा रुग्ण निघतो. त्याच त्या मुलींना लघवीच्या जळजळीचा त्रास होतो. औषध दिले की बरे वाटते, पण दुखणे परत येते. कारण त्याचे मूळ शरीरात नसते. ते गल्लीची रुंदी, नळ, गटार आणि संडास यांत असते. आणि या चारही गोष्टी कुठे असाव्यात, कुठे नसाव्यात, हे महापालिकेच्या एका नकाशावर आधीच ठरलेले असते.

त्या नकाशाला विकास आराखडा म्हणतात.

रंगांचा अर्थ

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्यामागचा कायदा. त्याप्रमाणे शहरातल्या प्रत्येक तुकड्याचा वापर ठरवला जातो. पिवळा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेतीचा किंवा मोकळा. त्यावर आकडे टाकून आरक्षणे दाखवतात. शाळा, दवाखाना, बाग, खेळाचे मैदान, रस्ता आणि आपल्या पंचवटीत तपोवनाकडे साधुग्रामसुद्धा. नाशिकचा एक आराखडा १९९३ चा होता. आता लागू असलेला आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. बांधकामाचे नियम डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला एकच झाले.

वस्ती ज्या रंगावर बसली आहे, त्यावर तिचे बरेच नशीब ठरते. रहिवासी पट्ट्यात असेल तर जलवाहिनी, गटार, रस्ता मागताना बोलायला जागा असते. आरक्षणावर किंवा पूररेषेत असेल तर अर्ज केला की तोंडी उत्तर येते, "तिथे आम्हाला काही करता येत नाही." माणसे चाळीस वर्षे राहिली तरी नकाशावर ती नसतातच.

आपल्याला हे नवे नाही. गावाच्या खालच्या अंगाला, कुसाबाहेर महारवाडा, पाणवठा वेगळा, ही जमीन-वापराची सर्वांत जुनी नियमावलीच होती. ती कागदावर नव्हती, तरी कोणी मोडू शकत नव्हते. महाडचा सत्याग्रह पाण्याचा होता. २ मार्च १९३० ला इथे पंचवटीत काळाराम मंदिरासमोर सुरू झालेला सत्याग्रह सार्वजनिक जागेत पाऊल ठेवण्याच्या हक्काचा होता. तो चालवणाऱ्या दादासाहेब गायकवाडांनीच पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांच्या जमिनीसाठी लढे उभे केले. जागा कोणाची, हा प्रश्न आपल्या चळवळीने कधी सोडला नाही.

आजार कुठून येतो

आता आजारांकडे वळू.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नळाला पाणी तासभरच येत असेल, किंवा चार घरांत एक नळ असेल, तर बाई ड्रम भरून ठेवणारच. "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" असे आम्ही सांगतो आणि ते पाळायलाच हवे. पण ड्रम हा बाईचा निष्काळजीपणा नाही. वस्तीत जलवाहिनी आली नाही, त्याची ती खूण आहे.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. उजेड आणि खेळती हवा हे त्याविरुद्धचे फुकटचे औषध. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसनाच्या इमारती आहेत. दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण जास्त आढळले, कारण खाली ना ऊन पोचते ना वारा. लोकांना पक्के घर मिळाले, पण इमारतींमधल्या अंतराचा नियम सैल केल्याची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी दिली. म्हणून उद्या आपल्या वस्तीत पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तर खोलीचे चौरस फूट विचारताना दोन इमारतींमधले अंतरही विचारा.

संडासाचे तसेच. स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सामुदायिक शौचालयात २५ बायकांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट हवी. आपल्या वस्तीत किती आहेत ते मोजा. सीट कमी, दिवा नाही, दार मोडलेले असले की बाया-पोरी पाणी कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गरोदर बाईला तो झाला तर बाळ वेळेआधी येण्याचा धोका वाढतो.

आणि गोदामाई. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले की पंचवटीत सगळ्यांना कळते. १९ सप्टेंबर २००८ चा पूर अजून कोणी विसरलेले नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल रेषा नकाशावर असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. ती रास्तच आहे. पुराच्या पाण्यातून लेप्टो, कावीळ, जुलाब येतात. पण वाघाडीच्या किंवा नदीच्या काठी आधीपासून राहणाऱ्यांना तिथे सोयही नाही आणि सुरक्षित जागी घरही नाही, तर त्या रेषेने जीव वाचत नाही. फक्त जबाबदारी टळते.

आरोग्याच्या नावाने पाडापाडी

आरोग्याचे कारण पुढे करून गरिबाला उठवण्याची रीतही जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत हवा-उजेड आणायचा, हा हेतू. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने घरे पाडली जास्त आणि बांधली कमी. उठवलेली माणसे शेजारच्या दाटीत जाऊन राहिली, दाटी आणखी वाढली. पुढे त्याच ट्रस्टने चाळी बांधल्या. त्यातल्या परळच्या चाळीत बाबासाहेब वीसेक वर्षे राहिले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नुसती पाडापाडी केली की रोग जागा बदलतो. आधी घर, पाणी आणि उजेड दिला तर तो कमी होतो.

२०२७ हे साल का महत्त्वाचे

२०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल, साधुग्राम यांची कामे चालली आहेत. २०१५ च्या कुंभात तपोवन परिसरात तीनशेहून अधिक एकरांवर साधुग्राम उभे राहिले. पाणी, तात्पुरती शौचालये, दिवे, दवाखाने, सगळे. भाविकांची सोय व्हावी, यात आमचा विरोध नाही. पण काही महिन्यांसाठी येणाऱ्या लाखो लोकांचे संडास मोजता येतात, तर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वस्तीचेही मोजता आले पाहिजेत. त्या कामासाठी टाकलेल्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या कुंभानंतर शेजारच्या वस्त्यांना कायम जोडाव्यात, ही मागणी आत्ताच लेखी करायला हवी. खड्डे बुजल्यावर नाही.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. २०१७ च्या आराखड्याला २०२७ मध्ये दहा वर्षे होतात. सगळ्या शहराचे डोळे रामकुंडावर असतील, तेव्हा आपल्या वस्तीजवळच्या दवाखान्याचे, मैदानाचे, बागेचे आरक्षण गुपचूप सुटण्याची वेळ आलेली असेल. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाप्रमाणे सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. जागाच गेली तर केंद्र कुठे बांधणार?

जमीन हिरव्याची पिवळी झाली, मैदानाची इमारत झाली, की भाव वाढतो. तो मालकाच्या आणि बिल्डरच्या हाती जातो. वस्तीच्या वाट्याला वाढलेले भाडे येते आणि पोरांची खेळायची जागा जाते. कधी रहिवासी पट्टा होणे आपल्या फायद्याचेही असते, पाण्याची वाट मोकळी होते. म्हणून सरसकट विरोध नको, सरसकट पाठिंबाही नको. बदल वाचायचा, मग बोलायचे.

बोलून काय होते? २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातल्या सतराशेहून अधिक झाडांबाबत नोटीस निघाली. नाशिककरांनी शेकडो लेखी हरकती घातल्या, सुनावणीला गर्दी केली, आणि तो प्रश्न राज्यभर गाजला. झाडांसाठी शहर उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट. तीच रीत वस्तीसाठी वापरायची आहे.

आपण काय करायचे

१. महापालिकेच्या राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून आपल्या भागाचा 'भाग नकाशा' आणि 'झोन दाखला' मिळवा. त्यासाठी सर्व्हे नंबर लागतो. मिळाला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

२. नकाशा विहारात भिंतीवर लावा. वस्ती, नाला, पूररेषा आणि एक किलोमीटरच्या आतली सर्व आरक्षणे रंगीत पेनाने दाखवा. दवाखाना आणि मैदान यांच्याभोवती लाल गोल करा.

३. जमिनीचा वापर किंवा आरक्षण बदलायचे असेल तर कलम ३७ प्रमाणे राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, आणि हरकतीसाठी एक महिना असतो. बाळाच्या लसीची तारीख चुकवत नाही, तशी ही चुकवू नका. वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींना रोज जाहीर नोटिसा पाहायचे काम द्या.

४. हरकत लेखीच द्या. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. "मला सुनावणीला बोलवावे" हे वाक्य लिहायला विसरू नका. एका सामुदायिक अर्जाबरोबर घरटी अर्जही द्या.

५. हरकतीत आरोग्याची नोंद जोडा. घरे किती, माणसे किती, नळ किती, पाणी किती वेळ, बायकांच्या सीट किती, जवळचा सरकारी दवाखाना किती दूर, १०८ ची गाडी गल्लीत शिरते की नाही, गेल्या वर्षात डेंग्यू आणि क्षयाचे रुग्ण किती. रुग्णांची नावे लिहू नका, फक्त आकडे. आशाताईंची मदत घ्या. "आमच्यावर अन्याय होतो" या वाक्यापेक्षा "१८० बायकांना तीन सीट" अशी नोंद अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

६. राहण्याचे पुरावे प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा. जुने वीजबिल, मतदार यादीतले नाव, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, फोटोपास. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला कायद्याचे संरक्षण आहे. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांसाठी शुल्क भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. पुरात कागद गेला तर हक्क सिद्ध करणे फार जड जाते.

यातले एकही काम डॉक्टरचे नाही. उपासिका संघातल्या बायका, कॉलेजात जाणारी मुले आणि पेन्शनीतले दादा मिळून ते करू शकतात. येत्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास थांबा आणि शौचालयाच्या सीट मोजण्यापासून सुरुवात करा. तेवढी एक नोंद झाली की पुढचा अर्ज लिहायला आम्ही सोबत आहोत.

नमो बुद्धाय. जय भीम.