नव्या पाण्याचे सहा आठवडे

घरात काचेची पेटी आणून तिच्यात पाणवनस्पती लावणाऱ्या प्रत्येक माणसाकडे साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी एक पाहुणा येतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं, त्याच्यासाठी कोणी पाट मांडलेला नसतो. पण तो येतो आणि अगदी घरचा असल्यासारखा पसरतो. आधी काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. मग पानांच्या कडांना हिरवे धागे लोंबू लागतात. कधी सगळं पाणीच पालकाच्या सुपासारखं होतं. हा पाहुणा म्हणजे शेवाळ. पेटी ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच टप्प्यावर कंटाळतात आणि पेटी गच्चीवर जाऊन पडते. पुढे तिच्यात कोथिंबीर लावली जाते.

आमच्या घरी पेटी आली ती नातीसाठी. तिच्या आईची, म्हणजे आमच्या मुलीची, बदली झाली. जावई आधीपासूनच परदेशी. तेव्हा जूनमध्ये दहा वर्षांची नात आमच्याकडे पुण्याला राहायला आली. नवी शाळा, नवी गल्ली, ओळखीचं कोणी नाही. जेवताना तिचं बोलणं 'हो', 'नको' आणि 'पुरे' या तीन शब्दांत संपे. महिनाभर हे पाहिल्यावर हिच्या आजीनं निकाल दिला, "तिला काहीतरी जिवंत आणून द्या सांभाळायला." कुत्र्याला सोसायटीची हरकत, मांजराला आजीची. उरले मासे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी. पाणी साधारण ६० लिटर. तळाला बारीक रेती. त्यात पट्ट्यासारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया, झपाट्यानं वाढणारी वॉटर विस्टेरिया आणि आपल्या कुंडीतली ब्राह्मी. हो, तीच ती केसांच्या तेलातली ब्राह्मी. ती पाण्याखालीही छान उभी राहते. झाडं लावून झाली आणि नातीनं विचारलं, "आबा, मासे कधी?" मी म्हटलं, "सहा आठवड्यांनी." दहा वर्षांच्या मुलीला सहा आठवडे म्हणजे जवळजवळ पंचवार्षिक योजना! त्यात बाराव्या दिवशी काच तपकिरी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात पानांवर हिरवे धागे आले. शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच ती पेटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपली टाकी मेली का?"

मेली नव्हती, जन्माला येत होती. पण हे मुलीला पटवायचं म्हणजे आधी पेटीत चाललंय काय ते सांगायला हवं.

मी बँकेत असताना एका तालुक्याच्या गावी नवी शाखा उघडायचं काम माझ्याकडे आलं होतं. इमारत तयार, तिजोरी बसवलेली, फलक रंगवलेला. पण शाखा म्हणावी असं काही नाही. ठेवी नाहीत, खातेदारांची ओळख नाही. अशा नव्या शाखेत पहिले कोण येतात? तर ज्यांना इतर कुणी दारात उभं करत नाही असे कर्जमागे. जुनी, भरलेली शाखा त्यांना फार जागा देत नाही. नव्या शाखेत मात्र मैदान मोकळं असतं. नव्या पेटीतलं शेवाळ हे असंच. त्याचे सूक्ष्म बीजाणू पाण्यातून, विकत आणलेल्या झाडांवरून, अगदी आपल्या हातांवरूनही येतात. ते प्रत्येक पेटीत असतात, पाहणाऱ्याला स्वच्छ वाटणाऱ्या पेटीतही. प्रश्न त्यांच्या असण्याचा नाही, त्यांना मिळणाऱ्या मोकळ्या मैदानाचा आहे.

हे मैदान कशानं तयार होतं? दुकानातली पुष्कळशी पाणवनस्पती रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते. पाण्याखाली आली की तिची जुनी पानं कुजतात आणि पाण्यात जगणारी नवी पानं फुटतात. मूळ धरायला तिला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ती पाण्यातलं अन्न फारसं उचलत नाही. उलट कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो. डोक्यावर दिवा झगझगतो आहे, पाण्यात अमोनिया आहे आणि तो खाणारी झाडं अजून अंथरुणात आहेत! शेवाळाला याहून अधिक काय हवं?

या अमोनियाची विल्हेवाट लावणारं खरं खातं डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजात, रेतीच्या कणांवर जिवाणूंची वस्ती हळूहळू उभी राहते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. नायट्राइट त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच काढून घेतो. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, आणि झाडांचं ते खतच. यातलं दुसरं काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जाई. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गोड्या पाण्याची मत्स्यालयंच तपासली, तेव्हा तिथं हे काम नायट्रोस्पायरा नावाची वेगळीच मंडळी करताना आढळली. नाव काहीही असो, ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात आणि तिला घाई चालत नाही. मुदत ठेव आहे ती. मुदतीआधी मोडली की नुकसान ठरलेलं.

हा विषय तसा जुना आहे. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्यांनी काचेच्या भांड्यात सोनमासे आणि आमच्या पेटीतलीच व्हॅलिस्नेरिया ठेवली होती. झाडानं प्राणवायू द्यावा, माशांनी झाडाला पोसावं, असा हिशेब. हिशेब बरोबर होता. पण काही दिवसांनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी मग तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. म्हणजे घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर शेवाळ आहे. पावणेदोनशे वर्षांत आपण त्याला हरवलेलं नाही, त्याच्याबरोबर नांदायला शिकलो आहोत.

आता नांदायचं कसं?

पहिली गोष्ट उजेड. नव्या पेटीवर दिवा दिवसाला सहा तासच, आणि तो टायमरवर. माणसाच्या हातात बटण असलं की पाहुणे आले म्हणून दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहतो. झाडांनी मूळ धरलं की सावकाश आठ तासांपर्यंत जावं. पेटी खिडकीतल्या थेट उन्हात नसावी. सूर्याला टायमर लागत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलावं. त्याबरोबर अमोनियाही जातो आणि शेवाळाचे तरंगते बीजाणूही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो, म्हणून पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग घालावं. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घालावं. आमचा मोगरा त्यावर खूश आहे.

तिसरी गोष्ट झाडं, आणि ती पहिल्या दिवसापासून भरपूर. चार काड्या लावून मधे मैदान सोडलं की ते कोण व्यापणार हे सांगायला नको. झपाट्यानं वाढणारी स्वस्त झाडं आधी गच्च लावावीत. हवी तर पुढे कमी करावीत. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी पाण्याखालच्या बागांची कला जगभर नेली. पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ साली ४० मीटर लांबीची आणि १ लाख ६० हजार लिटर पाण्याची बाग उभारली. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या पद्धतीत दाट लागवड, वारंवार पाणी बदलणं आणि शेवाळ खाणारी छोटी कोळंबी या तीन गोष्टींवर भर असे. त्या कोळंबीला आज जगभर अमानोंच्याच नावानं ओळखतात.

इथं एक गैरसमज सांगितला पाहिजे. शेवाळ दिसलं की बरेच जण झाडांचं खत बंद करतात. शेवाळ उपाशी मरेल अशी कल्पना. पण आधी मरतं ते झाड. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम शेतकऱ्यांना ठाऊक आहे: पिकाची वाढ ठरते ती सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नघटकावर. नत्र भरपूर आणि पोटॅश नसेल, तर नत्र पडून राहतं. झाडाला लागतं कमी-अधिक सगळंच. शेवाळाचं भागतं थोडक्यात. शिवाय अशक्त पानांतून द्रव्यं पाझरतात, ती पुन्हा शेवाळाच्याच पानात पडतात.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे बाटली. मी झाडं आणली त्या दुकानात मला दोन बाटल्या दाखवण्यात आल्या. "काका, चार थेंब टाका, तीन दिवसांत सगळं साफ." अशा औषधांत पुष्कळदा तांबं असतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना विष आहे. 'पातळ कार्बन' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवात बहुधा ग्लुटरल्डिहाइड असतं, रुग्णालयांत उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. व्हॅलिस्नेरियाची पानं त्यानं वितळतात. समजा, शेवाळ एका दमात मेलंही. मग ते कुजणार, प्राणवायू खाणार, पुन्हा अमोनिया सोडणार. बुडीत कर्ज फेडायला नवं कर्ज काढण्यातली गत. बाटल्या मी तिथंच ठेवल्या. 'शेवाळ खातो' म्हणून विकला जाणारा बोटभर सकरमाऊथही नको म्हटलं. तो फूटभराहून मोठा होतो, मग लोक त्याला नदीत सोडतात, आणि तो देशी माशांच्या मुळावर येतो.

शेवाळाची ओळखही करून घ्यावी. तपकिरी धूळ म्हणजे डायाटम. सिलिकाच्या नाजूक डबीत राहणारे हे जीव बहुधा काही आठवड्यांत आपणच मावळतात. समुद्रातले त्यांचे भाऊबंद नसते, तर आपल्या श्वासातला मोठा वाटा नसता. निळसर-हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी चादर मात्र खरं शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. ती चादर ओढून काढावी, पाणी बदलावं आणि तीन दिवस पेटी कापडानं झाकून अंधार करावा.

आम्ही दोघांनी ठरवलं ते एवढंच. रोज हातानं धागे काढायचे, जुन्या टूथब्रशला गुंडाळून. बुधवारी आणि रविवारी पाणी. आणि रोजची नोंद. माझ्या सवयीनं मी वहीला उभ्या रेघा मारून दिल्या: तारीख, अमोनिया, नायट्राइट, शेरा. तपासणीचे थेंब नात टाके, रंग तीच जुळवी. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढला, मग उतरू लागला आणि नायट्राइट चढला. शेऱ्याच्या रकान्यात पहिले काही दिवस 'घाण' एवढंच लिहिलेलं असे. मग 'कमी घाण'. मग एकदा 'ब्राह्मीला नवीन पान, खरं पाण्यातलं'. एके दिवशी वर्गातल्या एका मुलीला ती वही दाखवायला म्हणून घेऊन आली. दोघी अर्धा तास काचेला नाक लावून बसल्या होत्या. पेटीत एकही मासा नव्हता.

एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आलं. पुढच्या रविवारी सहा छोटे मासे आणि दोन नेराइट गोगलगायी आल्या. या गोगलगायींची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे घरात लेंढार होत नाही. मागच्या काचेवर थोडं शेवाळ अजून आहे. ते तिथंच राहू दिलंय. गोगलगायींनी खायचं काय?

मागे सोलापूरला जाताना आम्ही उजनीच्या जलाशयाजवळ थांबलो. उन्हाळा होता. काठाचं पाणी हिरवंगार, जाड. नातीनं ते ओळखलं, अगदी गल्लीतल्या माणसाला ओळखावं तसं. भीमेवरच्या या धरणात मुळा-मुठेतून आमच्या पुण्याचं सांडपाणी येतं. त्यातलं नत्र आणि फॉस्फरस, वर डेक्कनचं ऊन. शेवाळाला आणखी काय पाहिजे? आणि सोलापूर शहर याच पाण्यावर जगतं. इथं ब्रश चालत नाही, कापड टाकून अंधार करता येत नाही, गोगलगायी पुरत नाहीत. हातात राहतं ते एकच: आत जाणारं आधी रोखणं, सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणं. घरातल्या पेटीचा पहिला नियम तोच.

मी हे सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आबा, मग इथलं बुधवार-रविवार कोण करतं?"