जुन्या नकाशातली निळी जमीन

भूगोलात मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भाग म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा. तपकिरी समोच्च रेषा, निळे पाणी, पिवळी शेती, लाल वस्ती. मशीद, ईदगाह, देऊळ, कबरी, इतकेच काय झोपड्यांनाही वेगळे चिन्ह. परीक्षा झाली की सगळे विसरायचे! पण आपल्या मुंबईचे जुने नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवा, मुले हलणार नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाआधी माहीमची खाडी ओलांडली की साष्टीत मुख्यतः गावे, भातशेती, मिठागरे आणि दलदल होती. मग फाळणी झाली. कल्याणजवळच्या युद्धकाळातील लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. १९५० मध्ये मुंबईची हद्द उपनगरांत, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. तुर्भ्याला १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, शेजारी अणुऊर्जा केंद्र.

या सगळ्यात डोंगराच्या रेषा बहुतेक जागच्या जागी राहिल्या. आक्रसली ती खाडीकाठची निळी जमीन. आणि तिच्यावर बऱ्याचदा राहायला गेला तो गरीब माणूस. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, अणुऊर्जा केंद्रालगतची जनता कॉलनी पाडून हजारो माणसांना चीता कॅम्पला हलवले, ते खाडीकाठच्या दलदलीत. तिथल्या कुटुंबांनी पदरमोड करून भराव टाकला, तेव्हा कुठे चूल मांडता आली.

भराव टाकला तरी सखल जागा सखलच राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीकाठचे कुर्ला आणि कलिना बुडाले. अतिवृष्टी खरीच, पण नदीच्या मुखाशी, पाणी जिथे पसरायचे त्या दलदलीत, आपण १९७० च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुल उभारत आलो होतो.

अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. गल्ली सापडणार नाही, खाडी सापडेल. फ्लॅटचे बयाणे देण्याआधी घरातल्या शाळकरी मुलालाच तो पाहायला सांगा. आणि जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारा, भरतीचे पाणी पूर्वी कुठवर यायचे.