तुळशीच्या लग्नाआधीची खरेदी

पहाटे साडेपाच
दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि आत वाकून शिरलो. रात्री एका साखरपुड्याची फुल फिल्म एक्स्पोर्टला लावून घरी गेलो होतो. मध्यरात्री लाइट गेली, यूपीएसने जमेल तेवढा तग धरला आणि मग मान टाकली. फाइल अर्धवट. पुन्हा लावली. हा डेस्कटॉप वाईट नाही, पण त्याला जागेवरून हलवता येत नाही, आणि आता धंदा मांडवातच उरकावा लागतो. पूर्वी मिक्सिंगला महिना लागला तरी कोणी विचारत नसे. आता अल्बम सहा महिन्यांनी मिळाला तरी चालतो, रील मात्र नवरी गाडीत बसायच्या आत हवी. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलंय. त्यानंतर चिंचणीपासून केळव्यापर्यंत रोज कुठे ना कुठे मांडव असणार, त्यामुळे लॅपटॉप घ्यायचा तर आजच.

साडेसहा
बोईसर स्टेशन. लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून मुंबई थोडी जवळ वाटते. अंतर मात्र शंभरएक किलोमीटर ते शंभरएकच. गाडी डहाणू आणि वाणगावलाच भरून येते, त्यामुळे बोईसरला चढणाऱ्याने बसायला मिळेल ही आशा घरी ठेवून यावी.

लॅपटॉपच्या जाहिरातीत वजन लिहितात ते नुसत्या यंत्राचं. गेमिंग लॅपटॉपचं यंत्र सव्वादोन किलोच्या घरात, आणि वर २३० वॉटचा चार्जर, विटेएवढा. पाठीवर आधीच दोन कॅमेरा बॉडी, तीन लेन्सा आणि फ्लॅश असतो. त्यात ही भर घेऊन विरारला गाडी बदलून दाखवावी, मग त्याला पोर्टेबल म्हणावं.

साडेसात
पालघरला आमच्याच धंद्यातला एक जण चढला. वैतरणेच्या पुलापर्यंत त्याने मॅकबुकचं गुणगान केलं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. चार्जर काढला तरी मॅकचा वेग तोच राहतो, तर गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर आला की निम्मा होतो. मॅकबुक एअर सव्वा किलोचं आहे. त्याला पंखाच नाही, म्हणून आवाजही नाही. पण पंखा नाही म्हणूनच लांबलचक एक्स्पोर्टला ते तापतं आणि वेग उतरवतं. रील कापायला उत्तम, तीन तासांच्या लग्नाला मी लावणार नाही.

माझी खरी अडचण वेगळीच. "दादा, मॅकवर एडियस चालतं का?" एवढंच विचारलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

बाहेरच्या लोकांना याची कल्पना नसते. आपल्याकडे लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरने मुळं घट्ट धरलीत. मूळचं ते जपानच्या कॅनोपस कंपनीचं, २००५ च्या सुमारास ग्रास व्हॅलीकडे गेलं, आणि चालतं फक्त विंडोजवर. माझी जुनी प्रोजेक्टं, गाण्यांवर बसवलेले टेम्प्लेट, हाताला बसलेले शॉर्टकट, सगळं त्यात. मॅकवरचं फायनल कट शिकेनही, पण मार्गशीर्षात नाही.

अकरा
दादरला स्लो पकडून ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही तोंडी लॅमिंग्टन रोड. पहिल्या दुकानात पोरगा सुरू झाला: "भाऊ, आरटीएक्स आहे, एडिटिंगला एकदम मक्खन." यावर भांडत बसायचं नाही. मी खिशातून एसएसडी काढली. त्यात माझ्याच कॅमेऱ्याची हळदीची क्लिप होती: फोर-के, पन्नास फ्रेम, टेन-बिट, फोर-टू-टू, एच-२६५. दोनशे मेगाबिटच्या या फुटेजचा एक तास नव्वद जीबी होतो, म्हणजे ५१२ जीबीची ड्राइव्ह एका लग्नातच भरते.

डेमो मशीनवर प्रीमियर होतं. टाइमलाइनवर क्लिप टाकली आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर रायझनचा, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०५०. नवरीच्या गालाला हळद लागायला हात पुढे आला आणि तिथेच अडकला. चित्र धक्के खात पुढे सरकलं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला, आणि कार्डाच्या 'व्हिडिओ डीकोड'ची रेघ तळाशी निपचित. महागडं कार्ड शेजारी असून हातावर हात ठेवून बसलं होतं. एनव्हिडियाची ५० मालिका येईपर्यंत त्यांच्या कार्डांना फोर-टू-टू उलगडताच येत नव्हतं. इंटेलच्या प्रोसेसरातल्या क्विक सिंकला ते काही वर्षांपासून जमतं, आणि एडियसही त्याच क्विक सिंकवर जगतं.

पोरगा म्हणाला, "तुमची फाइल खराब असेल." पुढच्या दुकानात इंटेल कोअर अल्ट्रावर तीच क्लिप लावली. हात गालाला लागला, हळद फासली गेली, मागे करवल्या हसल्या, सगळं सरळ. म्हणून सांगतो, बेंचमार्कचे आकडे कितीही पाठ करा, दुकानात जाताना स्वतःचं सगळ्यात अवघड फुटेज बरोबर न्या.

दोन
वडापाव खाऊन स्क्रीनच्या मागे लागलो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असतं. म्हणजे साध्या एसआरजीबीचे जेमतेम दोन तृतीयांश रंग. अशा पडद्यावर लाल शालू विटकरी दिसतो, मग आपण लाल चढवतो आणि छापून आलेल्या करिज्मा अल्बममध्ये नवरी टोमॅटो होऊन बसते. लॅबला एसआरजीबी लागतं, तेव्हा ते शंभर टक्के असलंच पाहिजे.

शेवटी साडेचौदा इंची, ओएलईडी पडद्याचा, दीड किलोच्या आसपासचा निवडला. चार्जर शंभर वॉटचा, टाइप-सी. रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असल्याने 'नंतर वाढवू' हा आपला लाडका मार्ग बंद. ३२ जीबीच घेतली. तिथे बजेट फुटलं. ते भरून काढायला मोठ्या कार्डाचा मोह सोडला, कारण माझ्या कामात कार्डापेक्षा रॅम आधी संपते.

साडेतीन
घासाघीस. शेठ हजारावर अडले, शेवटी माउस आणि बॅग देऊन सुटले. मी दोनच गोष्टी ताणल्या. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल दुकानाच्या नावावर, आणि ऑनसाइट वॉरंटीत ४०१५०१ हा पिनकोड येतो की नाही, ते समोर फोन लावून विचारा. 'मुंबईत सर्व्हिस आहे' याचा बोईसरच्या माणसाला अर्थ असा, की बिघाड झाला की एक दिवसाची कमाई गेली.

रात्री नऊ
विरारला गाडी बदलून, बॅग पोटाशी धरून आलो. दुकानात अपडेट, एडियस, ड्रायव्हर. सकाळचा एक्स्पोर्ट पूर्ण झाला होता. डेस्कटॉप काढणार नाही. डेटाची दुसरी प्रत तिथेच राहील, आणि मोठ्या फिल्म रात्री त्यानेच करायच्या.

अल्बमचं डिझाइन बायको करते. तिने जुन्या अल्बमचं एक पान स्क्रीनला टेकवलं, तेच पान फोटोशॉपमध्ये उघडलं आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं.

"शालू बरोबर आहे," ती म्हणाली. "पण केवढा उजेड आहे हा! यावर काम केलं तर सगळं काळपट छापून येईल."

ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली आणला. छापलेलं पान आणि पडदा एकमेकांच्या जवळ आले. अजून जरा कमी कर म्हणाली, केलं. मग ब्राइटनेस वाढवायच्या बटणावर तिने चिकटपट्टीचा तुकडा लावला, आणि पोऱ्याला उद्या सांगून ठेवायचं ठरलं, की सिनेमा बघायला कोणी हे वाढवायचं नाही.