विश्लेषण : मुलांना व्हायोलिन शिकवणारे ॲप नेमके काय ऐकते? काय ऐकू शकत नाही?

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाची गुरुजींशी गाठ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पडते. उरलेले दिवस घरचा रियाज. त्या रियाजात सूर जागेवर लागतो आहे की घसरतो आहे, हे सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. चूक झाली तर पुढच्या तासापर्यंत मूल तीच चूक रोज घोटत राहते. मोबाइल आणि टॅबवरची संवादी सॉफ्टवेअर नेमकी हीच पोकळी भरून काढण्याचा दावा करतात. मोबाइल समोर ठेवायचा, व्हायोलिन वाजवायचे. सूर बरोबर लागला तर पडद्यावर हिरवी खूण, चुकला तर लाल. हे तंत्रज्ञान चालते कसे, ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे थिटे पडते, याचा हा आढावा.

व्हायोलिनसाठीच अशा मदतीची गरज का?

पेटी किंवा कीबोर्डवर पट्टी दाबली की ठरलेला सूर निघतो. गिटारला पडदे असतात. व्हायोलिनच्या फिंगरबोर्डवर मात्र कोणतीही खूण नसते. बोट कुठे ठेवायचे हे कानाने ठरवायचे आणि हाताने लक्षात ठेवायचे.

पूर्ण आकाराच्या व्हायोलिनची कंप पावणारी तार साधारण ३२५ मिलिमीटर लांब असते. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर अंदाजे १८ मिलिमीटरवर येतो. एका अर्धस्वराचे १०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाला ‘सेंट’ म्हणतात. पहिल्या बोटाच्या जागी बोट १ मिलिमीटर सरकले, तर सूर सुमारे ६ सेंट हलतो. ३ मिलिमीटर सरकले तर १८ सेंट, म्हणजे बसलेल्या कानाला स्पष्टपणे कणसूर. मुलांसाठी पाव, अर्धा, पाऊण अशा लहान मापांची व्हायोलिन असतात. त्यांची तार आणखी आखूड, त्यामुळे चुकीला वाव आणखी कमी. शिवाय मूल वाढले की वाद्याचे माप बदलते आणि बोटांची अंतरे पुन्हा नव्याने बसवावी लागतात.

के. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्याने, जाणीवपूर्वक केलेला रियाज आणि वादनाचा दर्जा यांचे घट्ट नाते त्यात दिसले. म्हणजे वाद्य बसते ते मुख्यतः शिक्षक समोर नसताना. त्याच वेळी चूक दाखवणारे कोणी नसते, ही खरी अडचण आहे.

मोबाइलला सूर कळतो कसा?

मोबाइलचा मायक्रोफोन आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊ शकतो. त्यातून कंपनसंख्या काढण्याची सर्वपरिचित पद्धत म्हणजे आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांत फोडून पाहणे, म्हणजे फूरिये रूपांतर. पण इथे एक मेख आहे. २,०४८ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंदांचा तुकडा घेतला, तर या पद्धतीची एकेक पायरी २१.५ हर्ट्झची पडते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार पाश्चात्त्य पद्धतीने लावल्यास १९६ हर्ट्झवर असते आणि तिच्या पुढचा अर्धस्वर २०७.७ हर्ट्झवर. दोघांत १२ हर्ट्झचेही अंतर नाही. म्हणजे शेजारचे दोन स्वरही वेगळे कळणार नाहीत. तुकडा मोठा घेतला तर मोजमाप बारीक होते, पण उत्तर उशिरा येते आणि जलद वाजवताना दोन स्वर एकाच तुकड्यात मिसळतात.

म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरी युक्ती वापरतात. आवाजाची लाट स्वतःच्याच प्रतीवर ठेवून हळूहळू पुढे सरकवायची आणि ती स्वतःशी पुन्हा कधी जुळते ते पाहायचे. १९६ हर्ट्झचा सूर दर ५.१ मिलिसेकंदांनी स्वतःशी जुळतो. जुळणीचा हा काळ बारकाईने मोजला की सूर कळतो. या पद्धतीत कधी कधी वरच्या किंवा खालच्या सप्तकातला सूर सापडल्याचा भास होतो. अशा चुका कमी करणारी ‘यिन’ ही पद्धत आलँ द शव्हेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ मध्ये मांडली आणि ती खूप वापरली गेली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ‘क्रेप’ हे न्यूरल नेटवर्कवर आधारित प्रारूप आणले. गोंगाटातही सूर ओळखण्याची क्षमता अशा प्रारूपांमुळे वाढली. घरात पंखा, कुकरची शिट्टी आणि टीव्ही सुरू असताना रियाज करणाऱ्या मुलासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. संगणकाने वादकाचे ऐकायचे, तो स्वरलिपीत कुठवर पोहोचला हे ओळखायचे आणि त्याच्या गतीने साथ करायची, ही कल्पना १९८४ मध्ये रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी स्वतंत्रपणे मांडली. पुढे अमेरिकी शाळांतील वाद्यवृंदांसाठी आलेल्या ‘स्मार्टम्युझिक’सारख्या सॉफ्टवेअरची मुळे या संशोधनात आहेत.

व्हायोलिन शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये ‘डिजिटल व्हायोलिन ट्यूटर’ मांडला. विद्यार्थ्याने घरी वाजवलेले ऐकून, ते मूळ धुनेशी ताडून, बोट कुठे पडायला हवे होते हे पडद्यावर दाखवणे असे त्याचे स्वरूप होते. २०१६ पासून युरोपीय संघाच्या निधीतून ‘टेल्मी’ हा प्रकल्प चालला. बार्सिलोनाचे पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठ, लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, जिनोव्हा विद्यापीठ आदी त्यात होते. आवाजाबरोबर हात आणि गज यांच्या हालचालीही मोजून विद्यार्थ्याला दाखवणे हा त्याचा भाग होता. प्रयोगशाळेत यासाठी खास कॅमेरे आणि संवेदक लागत. आज त्यातले सूर ओळखण्याचे काम साध्या मोबाइलमध्ये होते. हालचालींचे काम मात्र अजून तितके सोपे झालेले नाही.

हिरवी खूण म्हणजे सूर बरोबर?

दर वेळी नाही. भारतीय संगीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. अनेक ॲप्स पाश्चात्त्य समविभाजित सप्तक गृहीत धरतात. त्यात सप्तकाचे १२ सारखे भाग असतात आणि मधल्या ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ ठरलेली असते. आपल्याकडे षड्ज ठरलेला नसतो. गायकाच्या किंवा वाद्याच्या सोयीने तो बदलतो. तारा लावण्याची पद्धतही वेगळी असते. पाश्चात्त्य वादक चार तारा चार वेगळ्या स्वरांत लावतात, तर आपल्याकडे त्या षड्ज आणि पंचमात लावण्याची पद्धत रूढ आहे.

गंधाराचे उदाहरण घेऊ. उत्तम लागलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. समविभाजित सप्तकातला गंधार ४०० सेंटवर. म्हणजे मुलाने तानपुऱ्याशी अगदी मिळवून गंधार लावला, तर काटेकोर सेटिंगमधले ॲप त्याला १४ सेंट खाली असल्याचे सांगेल. ॲपचे ऐकून मुलाने बोट वर सरकवले, तर तानपुऱ्याशी असलेला मेळ तुटेल. मींड घेताना सूर एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत अखंड सरकतो. फक्त थांबे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तो सगळा प्रवास चुकांची रांग वाटू शकतो. डी. के. दातार आणि एन. राजम यांच्यासारख्या वादकांनी रुजवलेल्या गायकी अंगाच्या वादनात तर हा प्रवासच जीव असतो.

गजाचे काय?

सूर डाव्या हातात असतो, पण आवाज उजव्या हातात. राळ लावलेले गजाचे केस तारेला पकडतात, थोडे ओढतात आणि सोडतात. १९६ हर्ट्झच्या सुरात ही पकड-सोड सेकंदाला १९६ वेळा होते. तिचे गणित उलगडणाऱ्यांत एक मोठे नाव भारतीय आहे. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यातून गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे यांत्रिक पद्धतीने व्हायोलिन वाजवणारी मांडणी तयार करून गजाचा वेग, दाब आणि घोडीपासूनचे अंतर यांचा संबंधही त्यांनी तपासला. गज घोडीच्या जितका जवळ, तितका स्वच्छ आवाजासाठी किमान दाब जास्त लागतो. दाब कमी पडला तर आवाज पोकळ, शिट्टीसारखा येतो. जास्त झाला तर करकरतो.

सूर मोजणाऱ्या ॲपला यातले फार थोडे कळते. आवाज पातळ आणि निर्जीव असला, तरी कंपनसंख्या बरोबर असेल तर खूण हिरवीच. अंगठा ताठ आहे, खांदा उचललेला आहे, मनगट आत वळले आहे, मान आवळली आहे, हे आवाजावरून ओळखणे अवघड. आज अशा चुका खपून जातात. काही वर्षांनी जलद वादनात त्या आडव्या येतात आणि दुखणीही मागे लावतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून हाताचे सांधे ओळखणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. पण एकाच कोनातून खोली नीट कळत नाही आणि वेगाने चालणारा गज चित्रात पुसट होतो. उभ्याने वाजवणाऱ्यांसाठी आखलेले सॉफ्टवेअर, मांडी घालून व्हायोलिनचे टोक पायावर टेकवणाऱ्या मुलाच्या फारसे कामी येत नाही.

सतत मिळणारा शेरा फायद्याचा की तोट्याचा?

शारीरिक कौशल्ये माणूस कसा शिकतो, यावरच्या संशोधनाचा आढावा सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये घेतला. त्यातून पुढे आलेला मुद्दा असा : प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच शेरा मिळाला, तर सरावादरम्यान कामगिरी सुधारलेली दिसते, पण शेरा बंद झाला की ती घसरू शकते. शिकणारा त्या आधारावरच विसंबतो. हे निष्कर्ष प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या साध्या हालचालींवरचे आहेत. तरी व्हायोलिनच्या संदर्भात धोका सहज लक्षात येतो. पडद्यावरचा काटा पाहून बोट सरकवणारे मूल डोळ्यांनी सूर लावायला शिकते. मैफलीत किंवा परीक्षेत काटा नसतो.

जुन्या शिक्षणपद्धतींचा भर उलटा होता. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना व्हायोलिनबरोबर सोल्फेजो, म्हणजे स्वरनामे घेऊन गाणे, शिकवले जाई. जपानच्या शिनिची सुझुकी यांची जगभर पसरलेली पद्धत मातृभाषेच्या धर्तीवर बेतलेली आहे : आधी भरपूर ऐकणे, मग वाजवणे, आणि पालकांचा सहभाग. आपल्याकडचे गुरुजीही ‘आधी गा, मग वाजव’ म्हणतात. सगळीकडे आधी कान तयार होतो, मग बोट.

मग घरी ॲप वापरावे का?

जरूर वापरावे, पण कामे वाटून घेऊन.

• तारा लावण्यासाठी : लहान मुलांच्या हातून खुंट्या फिरत नाहीत आणि बेसूर वाद्यावर केलेला रियाज वाया जातो. तारा जुळवायला ट्यूनर ॲप उत्तम.

• षड्ज तपासा : भारतीय संगीतासाठी षड्ज बदलता येणारे ॲप निवडा. ते नसेल तर काटा बंद करून तानपुरा ॲप लावा. तानपुऱ्याशी सूर मिळाला की नाही, हे कानालाच ठरवावे लागते.

• आधी अंदाज, मग उत्तर : मुलाने ओळ वाजवावी, कुठे चुकले ते स्वतः सांगावे आणि नंतरच पडदा पाहावा. वाजवून झाल्यावर निकाल दाखवण्याची सोय असेल तर तीच वापरावी.

• ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण : आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचे चित्रीकरण समोरून आणि बाजूने करावे. गुरुजींना गुणांच्या तक्त्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

• ऑनलाइन तासाचे सेटिंग : व्हिडिओ कॉलमधली गोंगाट काढणारी यंत्रणा माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बनलेली असते. व्हायोलिनचा लांब सूर ती गोंगाट समजून कापू शकते. झूमसारख्या सेवांमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करावा.

• परवानग्या पाहा : असे ॲप मायक्रोफोन आणि कधी कॅमेराही मागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. खाते पालकांच्या नावाने उघडावे आणि ध्वनिमुद्रणे कुठे साठवली जातात ते वाचावे.

शिक्षकच उपलब्ध नसेल तर?

हा प्रश्न मुंबई-पुण्यापेक्षा लहान शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी जास्त खरा आहे. तिथे ॲपमुळे मूल वाद्यापर्यंत पोहोचत असेल, तर तो फायदाच. पण पहिले काही महिने, म्हणजे गज धरणे, वाद्य टेकवणे आणि मोकळ्या तारांवर स्वच्छ आवाज काढणे, हा टप्पा शिक्षकाच्या नजरेखाली झालेला बरा; मग महिन्यातून दोनदा प्रवास करावा लागला तरी चालेल. तेवढेही जमत नसेल, तर ऑनलाइन शिक्षक आणि रियाजाला ॲप ही जोडी नुसत्या ॲपपेक्षा भरवशाची. कारण सवय बसायला काही आठवडे पुरतात; चुकीची बसली तर ती मोडायला वर्षे लागतात.