बागेंतील उपकारी कीटक

भोपळ्याच्या वेलाला फुलें पुष्कळ येतात, परंतु भोपळे कांहीं धरत नाहींत, ही तक्रार परसांत वेल लावणाऱ्या बहुतेक घरांतून ऐकूं येते. कोणी खताला दोष देतो, कोणी पाण्याला. कोणी दृष्ट लागली म्हणून मांडवाला जुनी वहाण टांगतो. खरें कारण बहुधा निराळेंच असतें. भोपळा, दुधी, दोडका, पडवळ, काकडी या वेलांवर नर फुलें व मादी फुलें निरनिराळीं असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखालीं इवलेंसें फळ आधींच दिसत असतें. नर फूल नुसत्या देठावर उभें असतें. नर फुलांतील पराग मादी फुलाला पोंचला नाहीं, तर तें इवलें फळ थोड्याच दिवसांत पिवळें पडून गळतें. हा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहीं. तो कोणीतरी नेऊन पोंचवावा लागतो, आणि हें काम कीटकांचें.

यांत मौजेची गोष्ट अशी कीं, या वेलांनीं आपापल्या पाहुण्यांच्या वेळा ठरवून घेतल्या आहेत. लाल भोपळ्याचीं पिवळीं फुलें पहाटे उमलतात आणि दुपारच्या आंत मिटतात. मधमाशा तेथें सकाळींच येऊन जातात. घोसाळ्याचीं फुलेंहि सकाळचींच. दोडका खरें पाहतां घोसाळ्याचा सख्खा भाऊ, पण त्याचीं फुलें दिवस कलल्यावर उमलतात. दुधीचीं शुभ्र फुलें व पडवळाचीं झालरदार फुलें दिवेलागणीस उघडतात. काळोखांत पांढरा रंग उठून दिसतो आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग त्यांकडे ओढले जातात. जवळपास पतंग नसतील, तर जाणत्या स्त्रिया करतात तो उपाय करावा: नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यांतील पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. मात्र दुधीला हा उपचार सायंकाळींच करावयाचा; दुसऱ्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर केल्यास उपयोग नाहीं.

वांग्याची तऱ्हा याहून वेगळी. त्याच्या फुलांत पराग नळीसारख्या पिशव्यांत कोंडलेला असतो व त्यांना केवळ टोंकाशीं बारीक छिद्र असतें. मधमाशीला तो काढतां येत नाहीं. काळा भुंगा, किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली एकांडी माशी, फुलाला मिठी मारते आणि पंख न फडफडवितां उड्डाणाचे स्नायू थरथरविते. त्या कंपानें पराग झडतो. त्या वेळीं नेहमींपेक्षां चढ्या सुराचा गुणगुणाट ऐकूं येतो, तो याचाच. या साहाय्यावांचून वांगीं मुळींच धरत नाहींत असें नव्हे, परंतु तें लाभल्यास फळें अधिक धरतात. माजघराच्या वाशाला भोंक पाडणाऱ्या भुंग्यावर केरसुणी उगारण्यापूर्वीं गृहिणींनीं इतकें लक्षांत घ्यावें.

कांहीं कीटक पराग वाहून नेत नाहींत, पण पहारा करतात. शेवंतीच्या वा वालाच्या कोंवळ्या शेंड्यावर मावा पडला कीं, तांबूस पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तेथें येतो. तो सुंदर दिसतो म्हणून मुलें त्याला हातावर घेतात. परंतु त्याची अळी करड्या रंगाची, लहानशा सुसरीसारखी कुरूप असते, आणि तीच मावा खाण्यांत तरबेज. अनेक घरांतून ती उपद्रवी समजून चिरडली जाते. याच कुळांतील एक मंद रंगाचा, पाठीवर बारीक लव असलेला किडा मात्र वांग्याचीं पानें खरवडून खातो. तेव्हां ओळख पटल्यावांचून मित्र अथवा शत्रु म्हणूं नये.

उपकारी कीटकांचें सामर्थ्य केवढें असतें, हें आपल्या देशानें फार पूर्वीं पाहिलें आहे. १७९५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत किरमिजी रंगाच्या लोभानें ब्राझीलहून किडे कलकत्त्यास आणले गेले. ते रंग देणाऱ्या खऱ्या जातीचे निघाले नाहींत, परंतु निवडुंगाची एक जात त्यांनीं फस्त केली. दुसऱ्या जातीचा निवडुंग त्यांना दाद देईना. म्हणून १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून निराळे किडे आणले, आणि थोड्याच वर्षांत दक्षिण भारतांतील विस्तीर्ण जमीन त्यानें मोकळी झाली.

आतां प्रश्न फवाऱ्याचा. दुकानांतून आणलेलें औषध मावा व ढालकिडा असा भेद करीत नाहीं. निओनिकोटिनॉइड वर्गांतील औषधें तर झाडाच्या अंगांत भिनून पराग व मधुरसापर्यंत पोंचतात. युरोपीय संघानें २०१८ सालीं त्यांपैकीं तिघांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला, तो मधमाशांच्या रक्षणासाठींच. परसबागेंत मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरकस धारेनें धुवून काढावा. औषध अपरिहार्य झालेंच, तर फुलें मिटलेलीं असतील ती वेळ साधावी: लाल भोपळ्याला सायंकाळ, दुधीला उन्हें चढल्यावरची सकाळ. आणि तुळशीच्या मंजिऱ्या आपण झाडाच्या हितासाठीं खुडून टाकतों, त्यांतल्या चारसहा तशाच राहूं द्याव्या. मधमाशा वृंदावनापाशीं येऊं लागल्या म्हणजे शेजारचा काकडीचा मांडव त्यांना दूर नाहीं.