पांढरा बगळा, काळी जमीन: एक्स्पोजर कुठे बिघडतं?

सोनपेठ भागात नांगरणी सुरू झाली की ट्रॅक्टरमागे गायबगळे येतात. फोटोसाठी सोपा पक्षी वाटतो, पण घरी येऊन पाहावं तर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग! कारण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. काळी जमीन दिसली की ते फोटो उजळवतं आणि बगळा जळतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −१ करा. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटत नाही ना, बघा. तारेवरच्या कोतवालाचं उलट. मागे उजळ आकाश, पक्षी काळा, तिथे +१ किंवा जास्तच. आकाश पांढरं पडलं तर पडू दे.

फोटो रॉमध्येच काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे एडिटिंगमध्ये सावल्या उचलता येतात (नॉइज थोडा वाढतो, चालतंय). पूर्ण जळालेली पिसं मात्र कुठल्याच स्लायडरने परत येत नाहीत, कारण तिथे डेटाच नसतो. आधी हायलाइट्स खाली घ्या, मग फक्त पक्ष्याला मास्क लावून हलकं शार्पनिंग. पंखांभोवती पांढरी कड दिसू लागली की स्लायडर मागे घ्या.